छतावरचा ओलीचा डाग: आधी पाण्याचा शोध, रंग शेवटी

छतावर ओलीचा डाग उमटला की बहुतेक घरांतून पहिला फोन रंगाऱ्याला जातो. रंगारी येतो, पोपडे खरवडतो, पुट्टी भरतो, रंगाचे दोन हात देतो आणि छत पुन्हा पांढरे दिसू लागते. पुढच्या पावसाळ्यात, कधी त्याच्याही आधी, त्याच जागी तोच डाग परत येतो. यात रंगाऱ्याचा काही दोष नसतो. डाग हा गळतीचा शेवटचा टप्पा आहे आणि गळतीचे मूळ डागाच्या वर, कित्येकदा डागापासून बरेच लांब असते. ते मूळ शोधायचे कसे, त्यावर कोणती दुरुस्ती खरोखर लागू पडते, खर्च कोणी करायचा आणि सरतेशेवटी डाग झाकायचा कसा, एवढ्यापुरता हा लेख आहे. तो काँक्रीटच्या स्लॅबच्या घरांविषयी आहे; कौलारू घरांतील गळतीची तऱ्हा निराळी असते आणि तिचे उपायही निराळे.

डाग काय सांगतो

वरून झिरपणारे पाणी कधीच निव्वळ पाणी नसते. स्लॅब घट्ट दिसत असला तरी काँक्रीट सुकताना त्यात अतिशय बारीक भेगा पडलेल्या असतात, ओतकामाच्या वेळी नीट ठोकणी झाली नसेल तर खडीच्या मधे पोकळ्या राहिलेल्या असतात, आणि एका दिवसाचे ओतकाम दुसऱ्या दिवसाच्या ओतकामाला जिथे मिळते तिथे एक कच्चा सांधा असतो. या वाटांनी उतरताना सिमेंटमधला मोकळा चुना, सळईवरचा गंज, कोब्यातल्या (गच्चीच्या स्लॅबवर उतारासाठी घातलेल्या विटा-सिमेंटच्या थरातल्या) विटांची माती असे जे जे विरघळेल किंवा वाहून नेता येईल ते पाणी सोबत घेते. छताच्या खालच्या बाजूला पोहोचल्यावर पाणी हवेत उडून जाते आणि सोबत आणलेला ऐवज तिथेच राहतो. ओल्या भागाच्या कडेला पाणी सर्वांत लवकर उडते, त्यामुळे आतले पाणी सतत कडेकडे ओढले जाते आणि सगळा गाळ तिथे नेऊन टाकते. म्हणूनच अशा डागाचा मध्य फिकट आणि कड गडद तांबूस दिसते. एकात एक अशी तीन-चार वलये असतील तर तो भाग निदान तेवढ्या वेळा भिजला आणि वाळला असे समजावे. एकच मोठा, पुसट कडेचा डाग असेल तर तो बहुधा अजून ओलाच आहे.

रंगाकडेही लक्ष द्यावे. हाताला पांढरी भुकटी लागत असेल तर तो लोणा आहे, म्हणजे पाण्याबरोबर बाहेर आलेले क्षार. पाण्याबरोबर आलेल्या चुन्याचा हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग झाला की त्याची पांढरी, कठीण खपली तयार होते आणि बरीच वर्षे थेंब पडत राहिले तर तिचे बारीक लोलक लोंबू लागतात. जुन्या इमारतींच्या पार्किंगच्या छताला ते हमखास पाहायला मिळतात, आणि त्या थेंबांनी खाली उभ्या गाड्यांचा रंग खराब झाल्याच्या तक्रारीही तितक्याच हमखास असतात. काळे-हिरवे ठिपके बुरशीचे असतात आणि ते पाण्यापेक्षा कोंदट हवेबद्दल अधिक सांगतात. सर्वांत गांभीर्याने घ्यायची खूण म्हणजे सरळ रेषेत, साधारण सहा ते आठ इंचांच्या अंतराने उमटलेले विटकरी पट्टे. स्लॅबमधल्या सळया तितक्याच अंतराने टाकलेल्या असतात, आणि हे पट्टे त्या गंजू लागल्याचे चिन्ह असते. त्याविषयी पुढे सविस्तर येईल.

जागा फसवते, वेळ फसवत नाही

डाग जिथे दिसतो त्याच्या बरोबर वर गळती असेल, हा समज बहुतेक चुकीच्या दुरुस्त्यांच्या मुळाशी असतो. गच्चीवरच्या कोब्याला एका ठिकाणी भेग पडली तर पाणी तिथून आत शिरते, पण कोबा आणि स्लॅब यांच्या मधल्या फटीतून ते उताराच्या दिशेने सरकत जाते आणि जिथे स्लॅबला आरपार भेग सापडेल तिथे खाली उतरते. शिवाय स्लॅबच्या पोटातून वायरिंगचे पाईप गेलेले असतात. त्यांतल्या एखाद्यात पाणी शिरले की ते सरळ पंख्याच्या हुकापाशी किंवा दिव्याच्या पॉइंटपाशी येऊन टपकते. खोलीच्या ऐन मध्यावर, पंख्याभोवती गोल डाग दिसला तर वर तिथेच भोक आहे असे समजून गच्चीचा मधला भाग फोडायला लावू नये. तिथे आधी वेगळेच काम करायचे असते: त्या खोलीचा विजेचा पुरवठा मेन स्विचबोर्डातून बंद करावा, पंखा आणि दिवा वापरू नये आणि इलेक्ट्रिशियनला बोलवावे. ओल्या छतातून आलेल्या विजेच्या धक्क्याचा धोका गळतीच्या कोणत्याही नुकसानापेक्षा मोठा आहे.

जागेवरून फारसे कळत नसले तरी वेळेवरून पुष्कळ कळते. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढावी, शेजारी तारीख लिहावी आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दोन-तीन आठवडे एवढेच केले, आणि डाग कधी वाढतो, कधी सुकतो हे पाहिले, तर ठेकेदाराच्या पहिल्या भेटीपेक्षा अधिक माहिती हाती येते.

फक्त पावसात वाढणारा डाग गच्चीचा किंवा बाहेरच्या भिंतीचा असतो. या दोहोंतला फरकही पाहता येतो. जोराच्या सरीनंतर काही तासांतच ओल दिसली तर पाण्याला थेट वाट मिळालेली आहे; पावसाळा सुरू होऊन पंधरवडा लोटल्यावर ओल आली आणि पाऊस थांबल्यावरही कित्येक दिवस टिकली, तर कोबा पाण्याने भरून गेला आहे आणि ते पाणी सावकाश खाली उतरत आहे. डाग भिंत आणि छत यांच्या कोपऱ्यात असेल, आणि तोही पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीला असेल, तर गच्चीआधी बाहेरची भिंत तपासावी. आपल्याकडे पावसाचा मारा प्रामुख्याने नैर्ऋत्येकडून येतो, वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि गिलाव्याच्या भेगांतून, खिडकीच्या चौकटीच्या सांध्यांतून, छज्जा भिंतीला मिळतो त्या फटीतून आत घुसतो. अशा घरांत गच्चीवर लाखो रुपये खर्च करूनही डाग जात नाही, कारण पाणी गच्चीवरून येतच नसते.

बारा महिने दिसणारा, पण कमी-जास्त होणारा डाग वरच्या मजल्यावरील मोरी, संडास किंवा स्वयंपाकघराचा असतो. वरचे कुटुंब मे महिन्यात गावी गेले आणि डाग सुकला, ते परतले आणि पुन्हा ओल आली, तर आणखी वेगळ्या पुराव्याची गरज उरत नाही. याउलट दिवसरात्र एकसारखा पडणारा, स्वच्छ पाण्याचा थेंब बहुधा दाबाच्या नळाचा असतो, म्हणजे भिंतीत किंवा फरशीखाली गाडलेल्या गार वा गरम पाण्याच्या पाईपचा. ज्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीचे पाणी ठरावीक तासच सोडले जाते तिथे हा थेंब त्या वेळेशी बरोबर जुळतो. आणि एप्रिल-मे महिन्यांत, पावसाचा टिपूस नसताना, रात्री वाढणारा डाग दिसला तर वरच्या किंवा स्वतःच्याच एसीचा पाणी बाहेर नेणारा पाईप तुंबलेला आहे का ते आधी पाहावे. हे काम एसीवाला थोड्या वेळात करून देतो आणि तिथेच प्रश्न संपतो.

वरच्या मोरीतले पाणी

मधल्या मजल्यांवरच्या बहुतांश तक्रारी इथल्याच असतात, म्हणून मोरीच्या फरशीखाली काय असते ते नीट समजून घेतले पाहिजे. मोरी आणि संडासाखालचा स्लॅब मुद्दाम नऊ इंच ते एक फूट खाली घेतलेला असतो. त्याला बांधकामात संक म्हणतात. त्या खोलगट जागेत सांडपाण्याचे आडवे पाईप टाकतात, नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचे पाणी पाईपमध्ये नेणारे जाळीखालचे भांडे, बसवतात, उरलेली जागा विटांच्या तुकड्यांनी आणि सिमेंट-वाळूच्या मालाने भरतात आणि वर फरशी बसवतात. संकच्या तळाशी आणि बाजूंना वॉटरप्रूफिंग केलेले असते. म्हणजे फरशीच्या सांध्यातून, किंवा नहाणी ट्रॅप पाईपला मिळतो त्या जोडातून पाणी झिरपू लागले की ते आधी संकमध्ये साठते. संक हळूहळू भरत जातो, वॉटरप्रूफिंगमधला एखादा कच्चा कोपरा सापडला की पाणी तिथून उतरते, आणि खालच्या घरात डाग दिसतो तोवर वर गळती सुरू होऊन कित्येक महिने झालेले असू शकतात.

या रचनेमुळे दोन गोष्टी गोंधळात टाकतात. पहिली अशी की, वरच्यांनी मोरी वापरणे बंद केले तरी थेंब लगेच थांबत नाही, कारण साठलेले पाणी उतरत असते. त्यावरून ‘आमच्याकडून गळतच नाही’ असा निष्कर्ष वरचे काढतात आणि भांडणाला सुरुवात होते. दुसरी अशी की, दुरुस्ती केल्यावरही एक-दोन आठवडे ओल दिसत राहते आणि काम वाया गेले असे वाटते. काही चांगल्या बांधकामांत संकच्या तळातून एक लहान पाईप बाहेर डक्टमध्ये, म्हणजे इमारतीचे पाईप जातात त्या उभ्या मोकळ्या जागेत, काढून ठेवलेला असतो. त्यातून पाणी टपकताना दिसले तर संकमध्ये पाणी आहे हे फरशीला हात न लावता कळते.

तपासणी करताना एका वेळी एकच गोष्ट तपासावी आणि दोन तपासण्यांमध्ये किमान एक दिवस जाऊ द्यावा. आधी वॉश बेसिनखालचे आणि कमोडमागचे उघडे जोड कोरड्या कागदाने पुसून पाहावेत. मग नहाणी ट्रॅपचे तोंड बोळ्याने घट्ट बंद करून, उंबऱ्याच्या उंचीच्या आत, फरशीवर खाण्याचा रंग मिसळलेले पाणी चोवीस तास भरून ठेवावे. खाली ओल वाढली किंवा रंग उतरला तर फरशीचे सांधे किंवा वॉटरप्रूफिंग गेलेले आहे. तसे झाले नाही, तर ट्रॅप उघडून त्यातून दुसऱ्या रंगाचे भरपूर पाणी सोडावे. आता खाली ओल आली तर दोष पाईपच्या जोडात आहे. दाबाच्या नळाचा संशय असेल तर प्लंबर लाईनची तोंडे बंद करून हातपंपाने दाब देतो आणि काटा खाली येतो का ते पाहतो. या सगळ्यासाठी वरच्या घराचे सहकार्य लागते. ते मिळवण्यासाठी दारात उभे राहून नुकसानीचा पाढा वाचण्यापेक्षा तारखांचे फोटो दाखवून चहा घेता घेता बोलणे अधिक उपयोगी पडते, असा माझा समज आहे.

दोष फरशीच्या सांध्यांत असेल तर लगेच मोरी फोडायला घेऊ नये. फरशीच्या सांध्यांत भरलेले पांढरे सिमेंट आपल्याकडे ॲसिडने फरशी घासण्याच्या सवयीमुळे झिजून जाते. ॲसिड पिवळेपणाबरोबर सिमेंटही खाते. ते सांधे खरवडून साफ करून, पूर्ण सुकवून, त्यांत इपॉक्सी ग्राउट, म्हणजे पाणी न शोषणारा राळेचा भराव, भरले आणि नहाणी ट्रॅपच्या जाळीभोवतीची फट बुजवली तर पुष्कळ ठिकाणी गळती थांबते. हा उपाय दोन-तीन दिवसांचा आणि त्या मानाने स्वस्त आहे. त्यानंतर महिनाभर वाट पाहावी. तरीही ओल येत असेल, किंवा दोष जोडाचाच असेल, तर मात्र फरशी उखडून, भराव काढून, पाईप बदलून संकचे वॉटरप्रूफिंग नव्याने करण्याला पर्याय नाही. हे काम करताना भराव घालण्यापूर्वी संकमध्ये पाणी भरून किमान अठ्ठेचाळीस तास तपासणी करण्याचा आग्रह धरावा. ठेकेदार घाईत हीच पायरी गाळतात.

गच्चीवरचे पाणी

सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा असतो. मुंबई आणि कोकणात पावसाच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर एका मोसमात दोन लाख लिटरहून जास्त पाणी पडते. ते सगळे उतारावरून पाईपमध्ये गेले तर प्रश्न येत नाही. ते थांबले की येतो. म्हणून गच्चीची पाहणी करण्याची सर्वांत चांगली वेळ जोराचा पाऊस थांबल्यानंतर तासाभराने असते. जिथे पाणी साचलेले दिसेल तिथे खडूने खूण करावी; पुढच्या दुरुस्तीचा नकाशा तोच.

आपल्याकडे गच्चीवर सर्वांत रुळलेली पद्धत ब्रिकबॅट कोब्याची आहे. स्लॅबवर सिमेंटचा थर देऊन त्यावर विटांचे तुकडे मालात बसवतात, शंभराला एक असा उतार देतात, वर सिमेंटचा थर घोटून त्यावर फूटभर अंतराच्या चौकटी आखतात आणि आळी करून कित्येक दिवस पाणी भरून ठेवतात. कोबा नीट केला तर वर्षानुवर्षे टिकतो. पण तो मे महिन्याच्या उन्हात तापतो आणि पहिल्या पावसाने एकदम गार होतो. या प्रसरण-आकुंचनाचा ताण सर्वांत जास्त पडतो तो कोबा कठड्याला मिळतो त्या कोपऱ्यावर. तिथे गोला, म्हणजे वळणदार कड, भरलेली असते आणि बहुतेक गच्च्यांवर पहिली भेग तिथेच पडते. पाणी बाहेर नेणाऱ्या पाईपच्या तोंडाभोवतीची जागा हा दुसरा कच्चा दुवा. तिसरा माणसाच्या हातचा आहे: सोलर हीटरचे स्टँड, डिश अँटेना, मोबाइल टॉवर यांच्यासाठी कोब्यात ठोकलेले बोल्ट. एका बोल्टसाठी पाडलेले भोक सबंध वॉटरप्रूफिंग निकामी करायला पुरेसे असते. आणि कठड्याच्या फटीत उगवलेले पिंपळाचे रोप नुसते वरून छाटू नये, कारण ते मुळापासून फुटते आणि मुळे फट रुंदावत जातात. मूळ मारल्यावरच ती फट बुजवावी.

दुरुस्ती किती मोठी करावी हे भेगांवर अवलंबून असते. भेगा मोजक्या असतील तर त्या इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात कापून, पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरून, वर लवचीक कोटिंगचे दोन-तीन हात दिले तरी काही वर्षे निभावते. डांबरी मेम्ब्रेन, म्हणजे ज्योतीने तापवून चिकटवायचे तीन-चार मिलिमीटर जाडीचे रोल, हा दुसरा पर्याय आहे; त्यांच्या जोडांवरच त्यांचे सगळे यश अवलंबून असते. यांतले कोणतेही काम कोरड्या पृष्ठभागावरच चिकटते, म्हणून ते दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत उरकावे. ऐन जुलैत फोन केल्यावर लगेच येऊन कायमचे वॉटरप्रूफिंग करून देतो म्हणणाऱ्या ठेकेदारापासून दूर राहावे; पावसात ताडपत्री टाकणे आणि पाण्याची वाट मोकळी करणे, एवढेच प्रामाणिकपणे करता येते.

एका गोष्टीबद्दल मात्र मला ठामपणे सांगावेसे वाटते. जुना कोबा गळतो म्हणून तो न काढता त्यावर दुसरा कोबा घालण्याची पद्धत अनेक सोसायट्यांत दिसते. साडेचार इंच जाडीच्या कोब्याचे वजन एका चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरते. भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ८७५ प्रमाणे, लोकांचा वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब एका चौरस मीटरला सुमारे दीडशे किलोचा वापराचा भार धरून आखलेला असतो. म्हणजे दुसरा कोबा घातल्याने वापरासाठी धरलेल्या सबंध भाराहून अधिक भार स्लॅबवर कायमचा बसतो, आणि तोही अशा स्लॅबवर की ज्याच्या सळया आधीच ओलीत आहेत. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय हे काम कोणी करू नये. जुना कोबा काढायचा असेल तेव्हाही ब्रेकर मशिनचे दणके स्लॅबला बसणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते.

गच्चीवर किंवा वरच्या घरात प्रवेश मिळत नाही म्हणून खालून, छतालाच ‘वॉटरप्रूफ’ रंग लावण्याचा मोह होतो. त्याने पाणी थांबत नाही. ते रंगाच्या मागे अडते, रंग फुग्यासारखा फुगतो, आणि तोवर स्लॅब आतून ओलाच राहतो. खालून भेगांत दाबाने पॉलियुरेथेन भरण्याची पद्धत याहून बरी आहे, वाहती गळती ती थांबवूही शकते. पण वरचे पाणी कायम असेल तर ते शेजारची दुसरी भेग शोधते.

डाग केव्हा धोक्याचा असतो

ओल फक्त दिसायला वाईट असती तर एवढा खटाटोप कोणी केला नसता. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) साडेबारा ते तेराच्या आसपास असतो, आणि इतक्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे भेगांतून आत जाऊन हा सामू खाली आणतो. तो नऊच्या खाली गेला की पापुद्रा नाहीसा होतो आणि ओल मिळाली की सळई गंजते. समुद्राकाठच्या गावांत खाऱ्या हवेतील क्लोराइड हेच काम आणखी लवकर करते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक, काही वेळा सहापटीपर्यंत असते. ही वाढ सामावायला जागा नसल्याने सळईखालचा काँक्रीटचा थर फुटतो. हा थर घरातल्या स्लॅबमध्ये बहुधा वीस मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे फुटायला फार वेळ लागत नाही.

म्हणून डागाच्या जागी काठीने किंवा हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकून पाहावे. आवाज टणक आला तर घाई नाही. पोकळ, भदभद आवाज आला, सळईच्या रेषेत तडे दिसले, गिलाव्याचे तुकडे पडू लागले किंवा सळई उघडी दिसली, तर त्या जागेखाली पलंग, पाळणा, देवघर काहीही ठेवू नये आणि इंजिनिअरला बोलवावे. फॉल्स सीलिंग असेल तर आतली ओल दिसत नाही. त्याचे पॅनेल खाली झुकले असेल तर आत पाणी साठले आहे असे धरून चालावे, वीज बंद करावी, खाली बादली ठेवावी आणि सर्वांत खोल भागाला स्क्रू-ड्रायव्हरने लहान भोक पाडून ते पाणी काढून टाकावे, नाहीतर सगळे पॅनेलच कोसळते. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणे मुंबईत कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि अशा इमारतीत छतावरच्या डागाची नोंद त्या ऑडिटमध्ये करून घ्यावी.

खर्च कोणाचा

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये याची विभागणी बरीच स्पष्ट आहे. गच्ची, बाहेरच्या सामायिक पाईपलाईन आणि पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायची असते. गच्चीतून झिरपलेल्या पावसाने सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घराचे छत आणि गिलावा खराब झाला तर तोही सोसायटीकडे येतो. संडास, सिंक अशा आतल्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकांनी, सोसायटीच्या मध्यस्थीने, करायचा असतो. नवीन इमारतीत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत असा दोष दिसला, तर रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांचे नियमन करणाऱ्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बिल्डरने तो कळवल्यापासून तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो, आणि त्याने टाळाटाळ केली तर महारेराकडे, म्हणजे त्या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते. यांपैकी काहीही तोंडी करू नये. फोटो जोडून लेखी पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

आता रंग

गळती थांबली याची खात्री झाल्यावरच, म्हणजे मोरीची असेल तर महिनाभर आणि गच्चीची असेल तर निदान काही जोरदार सरी अंगावर घेतल्यावर, छताला हात लावावा. स्लॅब आतून सुकला की नाही हे पाहायला दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा डागावर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून चोवीस तास ठेवावा. आतल्या बाजूला दव दिसले किंवा छत तेवढ्या भागात काळपट झाले तर अजून थांबावे आणि पंखा लावून खोलीत हवा खेळती ठेवावी.

सुटलेला रंग, फुगलेली पुट्टी आणि पोकळ वाजणारा गिलावा सगळा काढून टाकावा. अर्धवट सुटलेल्या थरावर नवा थर चढवला तर पुढे दोन्ही एकत्र पडतात. लोणा कोरड्या ताठ ब्रशने झाडून घ्यावा. तो पाण्याने धुवू नये, कारण क्षार पाण्यात विरघळून पुन्हा आत जातात आणि नव्या रंगातून बाहेर येतात. बुरशी असेल तर ब्लीचिंगच्या पातळ द्रावणाने पुसावी, खिडक्या उघड्या ठेवून, आणि त्यात ॲसिड किंवा संडास साफ करण्याचे द्रावण चुकूनही मिसळू नये, कारण त्यातून क्लोरिन हा विषारी वायू निघतो. खड्डे भरायला पीओपी वापरू नये. ते ओलीने विरघळते आणि भुसभुशीत होते. सिमेंटच्या आधारावरची पुट्टी टिकते.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. कोरड्या डागावर सरळ इमल्शन किंवा डिस्टेंपर लावले की त्यातले पाणी डागातील पिवळे द्रव्य विरघळवते आणि रंग वाळताना ते वर खेचले जाते, म्हणून तीन हात दिले तरी पिवळी झाक येत राहते. लोकांना वाटते गळती पुन्हा सुरू झाली. त्यासाठी डागावर, कडेच्या पुढे हातभर जागा घेऊन, तेलावर आधारित प्रायमरचा किंवा खास डाग रोखणाऱ्या प्रायमरचा एक हात द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. मग पुट्टी, घासकाम आणि नेहमीचा रंग. छताचा जुना रंग धूर आणि धुळीने मळलेला असतो, त्यामुळे नुसत्या डागापुरता रंग लावला तर तेवढाच चौकोन उजेडात उठून दिसतो. रंग भिंतीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सबंध छताला, एकाच डब्यातला आणि एकाच दिवशी द्यावा.